अँडी मरे : पुनरागमनाचा अर्थ

खेळाडूंच्या चरित्रकथांना एक ठरीव साचा आहे. आधी उत्कर्ष, मग आघात, मग अंधारातले काही महिने आणि अखेरीस टाळ्यांच्या कडकडाटात परत येणे. हा साचा इतका सोयीचा आहे, की त्यात कोणाचेही आयुष्य बसवता येते. आणि तो इतका लोकप्रिय आहे, की बसवताना ते आयुष्य कोठे कोठे कापून घेतले, हे पाहण्याची तसदी प्रेक्षक घेत नाही. अशा कथांविषयी आमच्या मनात थोडा संशय असतो, तो याच कारणाने. सुखान्त शेवटाला आमची हरकत नाही. शेवट सुखाचा व्हावा म्हणून मधले दुःख सोपे करून सांगितले जाते, त्याला आमची हरकत आहे.

ऑलिव्हिया कॅपुचिनी यांनी दिग्दर्शित केलेला ‘अँडी मरे : रीसर्फेसिंग’ हा अनुबोधपट २०१९ च्या नोव्हेंबरात ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर प्रदर्शित झाला. त्याचा कथानायक पुढे जवळजवळ पाच वर्षे खेळत राहिला आणि २०२४ च्या ऑगस्टात निवृत्त झाला. कलाकृती पुरी झाल्यावर तिच्या नायकाचे उरलेले चरित्र हाती यावे, आणि त्या उजेडात ती कलाकृती पुन्हा तपासता यावी, असा योग समीक्षकाच्या वाट्यास क्वचित येतो. तो येथे आला आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्या वाचकांचा टेनिसशी फारसा परिचय नाही, त्यांच्यासाठी पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. स्कॉटलंडमधील डनब्लेन या लहानशा गावात वाढलेला मरे हा फेडरर, नादाल व जोकोविच यांचा समकालीन. हे त्याचे दुर्दैव की भाग्य, याचा निवाडा टेनिसचे इतिहासकार करोत. २०१२ साली त्याने अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली. २०१३ साली त्याने विम्बल्डन जिंकले, तेव्हा फ्रेड पेरीच्या १९३६ मधील विजयानंतर ७७ वर्षांनी तेथील पुरुष एकेरीचा चषक एका ब्रिटिश खेळाडूच्या हाती आला. २०१६ साली त्याने विम्बल्डन पुन्हा जिंकले. २०१२ आणि २०१६ अशा लागोपाठ दोन ऑलिंपिकांत त्याने एकेरीचे सुवर्णपदक मिळवले, आणि २०१६ च्या नोव्हेंबरात, वयाच्या २९ व्या वर्षी, तो जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचला. शिखरावर पाऊल ठेवून वर्षही पुरे झाले नव्हते, तोच शरीराने साथ सोडली. २०१७ च्या जूनमध्ये पॅरिस येथे उपान्त्य फेरीत स्टॅन वावरिंकाविरुद्ध तो पाच सेट झुंजला आणि हरला. आधीपासून कुरकुरणारा उजवा खुबा त्या सामन्यानंतर पूर्वीसारखा राहिला नाही. पुढच्याच महिन्यात विम्बल्डनच्या उपान्त्यपूर्व फेरीत सॅम क्वेरीविरुद्ध शेवटचे दोन्ही सेट त्याने १-६, १-६ असे गमावले. पाहणाऱ्यांना कळत होते, की हा माणूस आता लंगडतो आहे.

खुब्याचा सांधा म्हणजे मांडीच्या हाडाचा गोल माथा आणि तो ज्यात फिरतो ती कटीच्या हाडातील खोबण. दोहोंवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. ते झिजले, की हाडावर हाड घासू लागते आणि प्रत्येक वळणाला कळ उठते. उजव्या हाताने खेळणारा खेळाडू उजवीकडे आलेला चेंडू परतवताना शरीराचा सारा भार उजव्या पायावर घेतो आणि तेथूनच कंबर फिरवतो. म्हणजे फटक्याचा जोर खुब्यातून निघतो. त्यातही मरेचा खेळ परतफेडीचा. प्रतिस्पर्ध्याने जवळजवळ गुण मिळवलाच आहे असा चेंडू धावत जाऊन गाठायचा, थांबायचे, वळायचे आणि पुन्हा उलट दिशेला धावायचे, ही त्याची रीत. ज्याची सारी कला थांबण्यात आणि वळण्यात आहे, त्याचा खुबा जाणे म्हणजे सतारियाची बोटे जाणे होय.

या आघाताला टेनिसच्या व्यवहारातली एक क्रूर बाजूही आहे. जागतिक क्रमवारी मागील बावन्न आठवड्यांच्या कमाईवर ठरते. जायबंदी खेळाडू घरी बसला, तरी गतवर्षीचे गुण एकेक आठवड्याने गळत जातात. तो कोणाकडून न हरताही खाली घसरत राहतो. जुन्या क्रमांकाच्या आधारे काही स्पर्धांत प्रवेश मिळावा अशी सोय नियमांत आहे. परंतु त्या सोयीने दार उघडते, आत टिकून राहण्याचे बळ मिळत नाही. २०१८ च्या जुलैत मरे ८३९ व्या क्रमांकापर्यंत खाली आला होता. वीस महिन्यांपूर्वी तो पहिला होता.

अनुबोधपटाचा विषय आहे तो या घसरणीचा आणि तिच्याशी मांडलेल्या झगड्याचा. २०१८ च्या जानेवारीत मेलबर्न येथे खुब्यावर दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरचे महिने व्यायामाच्या खोल्या, तपासणीचे पलंग, पोहण्याचे तलाव आणि घरातील जिने यांत गेले. दिग्दर्शिकेचे पहिले श्रेय असे, की हे दिवस तिने कंटाळवाणे राहू दिले. दुखापतीतून सावरणे हे मुळात कंटाळवाणे काम आहे. तीच हालचाल शंभर वेळा करायची आणि एकशे एकाव्या वेळी काल जेथे दुखले तेथेच दुखावे, यात नाट्य कसले? पण या पुनरावृत्तीतूनच प्रेक्षकाला काळाचे ओझे जाणवू लागते. मरे विनोद करतो. त्याचा विनोद कोरडा, स्वतःवरच उलटणारा आहे. तो हसतो, त्याचे साहाय्यक हसतात, आणि ते हसू ओसरले की खोलीत जी शांतता उरते, तिच्यापाशी कॅमेरा काही क्षण थांबतो. अशा जागी या अनुबोधपटाला खऱ्या कलेचा स्पर्श झाला आहे.

आमच्या मते पूर्वार्धाचा कळस वॉशिंग्टनच्या रात्रीत आहे. २०१८ च्या ऑगस्टमधील त्या स्पर्धेत मरियस कोपिल या रुमानियन खेळाडूविरुद्धचा सामना पावसामुळे उशिरा सुरू झाला आणि पहाटे तीनच्या सुमारास संपला. मरे जिंकला. जिंकून खुर्चीत बसला, तोंडावर टॉवेल घेतला आणि हुंदके देऊन रडला. जगाने त्या वेळी हे अश्रू जिद्दीचे मानले. अनुबोधपट आपल्याला त्या रात्रीच्या पुढच्या प्रहरात नेतो. झोप येत नसलेल्या मरेने एकट्याने नोंदवून ठेवलेले बोलणे आपण ऐकतो. आणि कळते, की ते अश्रू एका कबुलीचे होते. शरीराला आता हे नको आहे, आणि वेदनेला रेटून पुढे जाण्याची मनाचीही तयारी उरलेली नाही, अशा आशयाचे ते बोलणे आहे. तीन तासांहून अधिक झुंजून जिंकलेला माणूस विजयाच्या रात्री पराभव मान्य करतो आहे, हे दृश्य अपूर्व आहे. पुढच्या सामन्यासाठी तो कोर्टावर उतरलाच नाही.

येथे रसविचाराचा एक प्रश्न उपस्थित होतो. या कथेचा प्रधान रस कोणता? पाहणारा सहज म्हणेल, वीर. आपल्या साहित्यशास्त्राने वीररसाचा स्थायी भाव उत्साह मानला आहे, आणि मरेच्या ठायी उत्साहाची वाण नाही. परंतु उत्साहाला आलंबन लागते. ज्याला जिंकायचे असा कोणी समोर असावा लागतो. मरेच्या समोर कोण आहे? कोपिल नव्हे, जोकोविचही नव्हे. त्याच्या समोर त्याचाच खुबा आहे. शरीर हा रथ, ही आपल्याकडची जुनी उपमा. ज्या रथात बसून लढायचे, त्या रथावरच शरसंधान करण्याची वेळ येते, तेव्हा उत्साहाचे रूप पालटते आणि तो स्वतःशी मांडलेल्या निष्ठुरपणाकडे झुकू लागतो. २०१८ मधील मरे पाहताना आमच्या मनात कौतुकाहून अधिक भीती दाटत गेली. वीराचे नेपथ्य कायम आहे, पण आतला स्थायी भाव शोकाचा झाला आहे, ही जाणीव पूर्वार्धातील उत्तम दृश्ये करून देतात. हा करुण आहे. आणि वीराच्या वेषात असल्यामुळे अधिक करुण आहे.

मग प्रश्न असा, की हा माणूस थांबत का नाही? धनाची त्याला ददात नव्हती, कीर्तीची नव्हती, घरी पत्नी आणि लहान मुली होत्या. याचे उत्तर दिग्दर्शिकेने मरेला विचारले, आणि समोरासमोर त्याला ते देता आले नाही. त्याने ते ध्वनिसंदेशाच्या रूपाने पाठवले. या अनुबोधपटाचे हृदय तो संदेश आहे.

१३ मार्च १९९६ रोजी डनब्लेनच्या प्राथमिक शाळेत शिरलेल्या एका बंदूकधाऱ्याने सोळा मुलांना आणि त्यांच्या शिक्षिकेला ठार मारले. आठ वर्षांचा अँडी आणि त्याचा थोरला भाऊ जेमी त्या वेळी त्याच शाळेत होते. मारेकरी या कुटुंबाला परका नव्हता. तो चालवीत असलेल्या मुलांच्या मंडळात ही मुले जात असत. त्यानंतर वर्षभरात आईवडील विभक्त झाले. पुढे लवकरच जेमी टेनिसच्या शिक्षणासाठी घर सोडून गेला. स्पर्धेत खेळताना लहानग्या अँडीचा श्वास कोंडू लागे. मनात साचलेल्या या साऱ्यापासून सुटका होण्याची जागा म्हणजे टेनिस, असे तो त्या संदेशात सांगतो. प्रौढपणी त्याने या विषयावर जाहीरपणे फार थोडे बोललेले आहे. म्हणून त्या संथ, चाचपडत येणाऱ्या वाक्यांना विलक्षण वजन येते.

दिग्दर्शिकेने या ठिकाणी दाखवलेला संयम आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. तिने या आघाताचा आणि मरेच्या यशाचा कार्यकारणभाव जुळवून दिलेला नाही. बालपणी दुःख झाले म्हणून तो मोठा खेळाडू झाला, असे स्वस्त समीकरण येथे मांडता आले असते. तसे ती करीत नाही. ती एवढेच ऐकवते, की या मुलाला एक निवाऱ्याची जागा सापडली होती. आणि त्यामुळे आपणांस समजते, की खुब्याबरोबर जे जाऊ पाहत होते ते उपजीविकेचे साधन वा कीर्ती नव्हती, तर तो निवारा होता. ज्या घरात माणूस लहानपणापासून आसरा घेत आला, ते घर पडताना पाहून तो भिंतीला टेकू देत राहतो. त्याला बाहेरून हट्ट म्हणणे सोपे आहे.

२०१९ च्या जानेवारीतील मेलबर्नचा प्रसंग या समजुतीनंतर पाहावा. पत्रकार परिषदेत पहिल्याच प्रश्नाला मरेचा कंठ दाटून आला आणि तो काही वेळ बाहेर निघून गेला. परत येऊन त्याने सांगितले, की विम्बल्डनपर्यंत खेळून तेथे थांबावे अशी इच्छा आहे; पण तोवर निभेल याची खात्री नाही. पायांत मोजे चढवतानाही दुखते, हेही त्याने सांगितले. शरपंजरी पडलेल्या भीष्मांना उत्तरायणाची वाट पाहता आली, कारण त्यांना इच्छामरणाचा वर होता. खेळाडूला तो वर नसतो. आपल्या शेवटाची जागा आणि तिथी आपण ठरवावी, ही त्याची साधी इच्छाही शरीराच्या मर्जीवर अवलंबून असते.

तीन दिवसांनी रॉबर्टो बाउटिस्टा आगुत या स्पॅनिश खेळाडूविरुद्ध तो दोन सेट मागे पडला, पुढचे दोन सेट झगडून मिळवले आणि पाचवा २-६ असा हरला. सामना संपल्यावर कोर्टावरील पडद्यावर सहकारी खेळाडूंचे निरोपाचे संदेश झळकले. हेतू प्रेमाचा होता, यात शंका नाही. तथापि, जिवंत माणसाचे श्राद्ध पाहावे तसे ते दृश्य आम्हांस वाटले. एकतीस वर्षांचा माणूस रॅकेट हाती धरून आपले मृत्युलेख ऐकत उभा आहे, आणि ते खरे मानावेत की नाही हे त्याला स्वतःलाच ठाऊक नाही.

त्याच महिन्याच्या २८ तारखेला लंडनमध्ये दुसरी शस्त्रक्रिया झाली. तिच्याच नावावरून या अनुबोधपटाचे नाव आले आहे. या क्रियेत मांडीच्या हाडाचा माथा छाटून टाकीत नाहीत. तो तासून त्यावर धातूची टोपी बसवतात आणि खोबणीत धातूची वाटी बसवतात. सांध्याला नवा पृष्ठभाग मिळतो. इंग्रजीत त्याच शब्दाचा दुसरा अर्थ, पाण्यात बुडालेल्याने पुन्हा पृष्ठभागी येणे. शीर्षकातील हा श्लेष सहज साधला आहे. शस्त्रक्रियेची दृश्ये दिग्दर्शिकेने आडपडदा न ठेवता दाखवली आहेत. नाजूक मनाच्या प्रेक्षकास ती सोसणार नाहीत. परंतु ती अनावश्यक आहेत असे आम्ही म्हणणार नाही. ‘दुखापत’ हा शब्द वृत्तपत्रांच्या क्रीडापृष्ठावर इतका गुळगुळीत झाला आहे, की त्याच्या मागे हाड, रक्त आणि करवत असते, याचा विसर पडतो. तो विसर येथे दूर होतो.

या शस्त्रक्रियेचा निर्णय कसा झाला, ही बाब आम्हांस कथेचा कणा वाटते. अमेरिकेचा दुहेरीतील विख्यात खेळाडू बॉब ब्रायन याने २०१८ च्या ऑगस्टात हीच क्रिया करून घेतली होती आणि तो पाच महिन्यांत परत खेळू लागला होता. त्याने मरेला धीर दिला. पण दुहेरीत निम्मे कोर्ट सांभाळायचे असते. एकेरीत धातूचा खुबा घेऊन वरच्या पातळीवर उभे राहिल्याचे उदाहरण समोर नव्हते. म्हणून मरेने हा निर्णय घेतला तो मुख्यतः खेळासाठी नव्हे. रात्री झोप लागावी, मोजे चढवता यावेत, मुलींबरोबर बागडता यावे, यासाठी त्याने तो घेतला. परत खेळता आले तर आले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून दोन्ही वर्षे शेजारी ठेवून पाहावीत. २०१८ साली मरेने जिद्द केली. ज्या गुणाची आपण मुलांना शिकवण देतो तोच गुण पराकाष्ठेला नेला. आणि ती जिद्द हरली. २०१९ साली त्याने हट्ट सोडला, खेळ जाण्याची शक्यता पत्करली, सामान्य माणसाचे दुखणेमुक्त आयुष्य मागितले; आणि त्या मागण्यापाठोपाठ खेळही परत आला. पुनरागमनाच्या कथा जिद्दीचा विजय सांगतात. ही कथा, नीट ऐकली तर, जिद्दीच्या मर्यादेची आहे. वेदनेला वळसा घालून पुढे जाणारा प्रत्येक जण शूर आहे, असे आपण फार सहज म्हणून टाकतो. आणि त्या स्तुतीने कित्येकांना आपल्याच शरीराचा शत्रू बनवतो. कारखान्यात, शेतात, रंगमंचावर, घराच्या चुलीपाशीही हे घडते. एका जगज्जेत्या खेळाडूने केलेली कबुली म्हणूनच टेनिसच्या बाहेरही मोलाची आहे.

दुर्दैवाने अनुबोधपटाला आपल्याच आशयाचे हे मर्म शेवटपर्यंत सांभाळता आलेले नाही, आणि येथून आमचे आक्षेप सुरू होतात.

पहिला आक्षेप नात्यासंबंधी. दिग्दर्शिका मरेच्या कुटुंबाच्या निकटच्या वर्तुळातील आहे. या जवळिकीमुळे तिला दारे उघडी मिळाली. परक्याला तो ध्वनिसंदेश कधीच मिळाला नसता. पण जवळिकीची किंमतही मोजावी लागली आहे. पहिली शस्त्रक्रिया अपेक्षेप्रमाणे का फळली नाही, खेळण्याची घाई झाली का, झाली असल्यास तीत मरेचा वाटा किती आणि भोवतालच्या मंडळींचा किती, हे प्रश्न विचारले जावेत तितक्या परखडपणे विचारले जात नाहीत. येथे सगळेच त्याचे हितचिंतक आहेत, आणि हितचिंतक परस्परांना अडचणीचे प्रश्न करीत नाहीत.

दुसरा आक्षेप दृष्टीच्या आवाक्याविषयी. मरेला नामांकित शल्यविशारद मिळाले, स्वतंत्र व्यायामतज्ज्ञ मिळाले, वर्ष-दीड वर्ष कमाईवाचून बसण्याची ऐपत त्याच्यापाशी होती. टेनिसपटू हा पगारी नोकर नसतो. तो खेळला तर मिळवतो. क्रमवारीत दोनशेव्या स्थानी असलेल्या खेळाडूचा खुबा झिजला, तर त्याच्या घसरणीवर कोणी कॅमेरा धरीत नाही, आणि बहुधा त्याला परतही येता येत नाही. एका माणसाची कथा सांगणाऱ्याने साऱ्यांची सांगावी, असा आग्रह आम्ही धरणार नाही. तरी ज्या सुस्थितीमुळे हे पुनरागमन शक्य झाले तिचा स्पष्ट उल्लेख झाला असता, तर कथेचा खरेपणा वाढलाच असता.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा आक्षेप शेवटाविषयी. २०१९ च्या जूनमध्ये लंडनच्या क्वीन्स क्लबवरील स्पर्धेत मरेने फेलिसियानो लोपेझच्या साथीने दुहेरीचे विजेतेपद मिळवले. शस्त्रक्रियेला पाच महिनेही झाले नव्हते. ही घटना आनंदाची खरी. पण अनुबोधपट तिला उत्तर समजतो. संगीत चढते, पूर्वार्धातील शांतता विरून जाते आणि अखेर तोच जुना साचा पुरा होतो : आघात, अंधार, टाळ्या. ज्या दिग्दर्शिकेने वॉशिंग्टनच्या विजयातील पराभव ओळखला, तिने लंडनच्या विजयाकडे तितक्याच सावधपणे पाहावयास हवे होते.

ही उणीव पुढील पाच वर्षांनी भरून काढली. म्हणून आम्ही आरंभी म्हटले, की हा अनुबोधपट आज पुन्हा तपासण्याजोगा आहे.

२०१९ च्या ऑक्टोबरात बेल्जियममधील अँटवर्प येथे मरेने एकेरीची स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात समोर होता वावरिंका. तोच, ज्याच्याशी पॅरिसला झुंजताना खुब्याने दगा दिला होता. वावरिंकालाही त्या पॅरिसनंतर गुडघ्याच्या शस्त्रक्रियांना तोंड द्यावे लागले होते. एकाच मोसमात मोडलेली दोन शरीरे सव्वादोन वर्षांनी समोरासमोर उभी राहिली, आणि मरेने ३-६, ६-४, ६-४ असा विजय मिळवला. साच्यातल्या कथेसाठी याहून नेमका शेवट कोणता? पण आयुष्य येथे थांबले नाही. काही आठवड्यांतच कटीच्या हाडाला इजा झाली आणि पुढची ऑस्ट्रेलियन स्पर्धा बुडाली. त्यानंतर एकेरीत प्रमुख दौऱ्यावरील एकही विजेतेपद त्याला मिळाले नाही. एकूण ४६ विजेतेपदांपैकी ४५ दुखापतीपूर्वीची आणि धातूच्या खुब्यानंतरचे फक्त एक, हा त्याचा हिशेब कायमचा लिहिला गेला. २०२३ साली तो सर्बिटन आणि नॉटिंगहॅम येथील दुय्यम दर्जाच्या स्पर्धांत उतरला आणि जिंकलाही. कधी काळी पहिला असलेला माणूस खालच्या पायरीवर उभा राहण्यात कमीपणा मानीत नव्हता. त्या वर्षी तो पहिल्या चाळिसांत परत आला. त्याच्या वर जाणे त्याला जमले नाही.

यशापयशाच्या वहीत हे पुनरागमन तोट्याचेच म्हणावे लागेल. पण २०२३ च्या जानेवारीतील मेलबर्नची ती रात्र आठवावी. थानासी कोकिनाकिस हा ऑस्ट्रेलियन खेळाडू दोन सेटनी पुढे होता आणि तिसऱ्यात ५-२ ने आघाडीवर होता. मरेने तेथून सामना फिरवला. पाच तास पंचेचाळीस मिनिटे चाललेला तो झगडा पहाटे चार वाजून गेल्यावर संपला. वॉशिंग्टनच्या रात्रीसारखीच ही रात्र. तोच उशीर, तेच रिकामे होत चाललेले प्रेक्षागार, तोच विजय. फरक इतकाच, की या वेळी पायांत थकवा होता आणि खुब्यात कळ नव्हती. आणि मनात आपण कोण होतो याची आठवण असली, तरी ते पुन्हा व्हायलाच हवे अशी सक्ती नव्हती. दोनच दिवसांनी तो हरला, आणि हरवणारा होता तोच बाउटिस्टा आगुत, ज्याच्याविरुद्ध चार वर्षांपूर्वी त्याचे मृत्युलेख वाचले गेले होते. या वेळी कोणी पडदा लावला नाही. तो सामान घेऊन बाहेर पडला, एखादा खेळाडू तिसऱ्या फेरीत हरल्यावर पडतो तसा. आमच्या दृष्टीने खरे पुनरागमन ते. सामान्यपणे हरता येणे हा मोठा अधिकार आहे, आणि दुखापतीने त्याच्यापासून हिरावला होता तो हाच.

अखेरही त्याला हवी तशी मिळाली नाही. २०२४ साली आधी घोट्याने आणि मग पाठीने दगा दिला. विम्बल्डनला एकेरी खेळता आली नाही; भाऊ जेमीबरोबर तो दुहेरीत उतरला आणि हरला. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये डॅन इव्हान्सबरोबर त्याने पहिल्या फेरीत पाच पराभवबिंदू परतवून सामना जिंकला, दुसराही तसाच ओढून आणला, आणि १ ऑगस्ट रोजी अमेरिकन जोडीकडून उपान्त्यपूर्व फेरीत हरून रॅकेट खाली ठेवली. इच्छामरणाचा वर त्याला येथेही मिळाला नाही. पण २०१९ च्या जानेवारीत जो माणूस शेवटाच्या भीतीने बोलू शकत नव्हता, तो या वेळी शेवटाला सामोरा जाऊ शकला. निवाऱ्याचे घर सोडून बाहेर उभे राहण्याचे बळ या पाच वर्षांनी त्याला दिले असावे, असे आम्हांस वाटते.

सारांश, ‘रीसर्फेसिंग’ हा अनुबोधपट आपल्या शेवटापेक्षा मोठा आहे. त्याच्या उत्तम भागात विजयात दडलेला पराभव आणि माणसाच्या मौनाचे मूळ दिसते. त्याच्या दुबळ्या भागात क्रीडाकथेचा जुना साचा दिसतो. ज्यांना टेनिसची गोडी आहे त्यांनी तो पाहावाच; ज्यांना ती नाही, पण ज्यांच्या घरात कोणी दुखणे लपवून कामाला उभे राहते, त्यांनी तर अवश्य पाहावा. मात्र अखेरच्या टाळ्या सुरू झाल्या, की वाचकांनी त्या आवाजामागची वॉशिंग्टनची पहाट विसरू नये.